बू हमदचे बाण

शारजात अल मजाजला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कुणी विचारलं की तुम्ही काय काम करता, तर मी शिवणकाम सांगते. अगदीच खोटं नाही ते. दोरा, मेण, कात्री, गोंद यांतच माझा दिवस जातो. पण खरं म्हणजे मी बाण करते. एकदा तसं सांगूनही बघितलं होतं. वरच्या मजल्यावर पुण्याच्या एक बाई राहतात. त्या म्हणाल्या, "बाण म्हणजे, नाटकातले का?" मी म्हटलं, नाही, खरे. "खरे म्हणजे कसे?" मी म्हटलं, "लागतात तसे." त्यानंतर कितीतरी दिवस त्या लिफ्टमध्ये माझ्यापासून जरा लांब उभ्या राहायच्या. तेव्हापासून शिवणकाम.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या शाळेत माझी चौथी झाली आणि शिक्षण तिथेच संपलं. माझी मुलगी सलमा मराठी बोलते, पण वाचत नाही. नात तर मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीतच देते. संध्याकाळी मी घरात शिरले की म्हणते, "नानी, यू स्मेल लाइक ग्लू." म्हणजे हे लिहिलेलं टेबलावर पडून राहिलं तरी आमच्या घरात कुणी वाचणार नाही. मला बोलायला जमत नाही, समोर माणूस असला की अर्धंच वाक्य निघतं. लिहिताना समोर कुणी नसतं.

आमचं दुकान शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. आजूबाजूला सगळी गाड्यांच्या पार्टची दुकानं, मध्येच हे. मालक इक्बालभाई श्रीवर्धनकडचे. माझे मिस्टर जबल अलीला कंपनीची बस चालवायचे, तेव्हापासूनची त्यांची ओळख. मिस्टर गेल्यावर त्यांनीच मला कामाला बोलावलं. पुढच्या अर्ध्या भागात मासे धरायचं सामान असतं, गळ, दोऱ्या, चाकं. मागच्या अर्ध्या भागात धनुष्यं. आधी मला पुढेच बसवलं होतं. पण एकदा धनुष्याची दोरी वळायला कुणी नव्हतं, तेव्हा मी म्हटलं, मी बघते. आमच्या गावात आया जाळी विणायच्या, दोर वळायच्या. दोन पेडांना उलटसुलट पीळ देऊन टोकाला फास करायचा, हे मी हातात खेळणं धरायच्या वयात शिकले. धनुष्याची दोरी तशीच वळतात, फक्त धागा वेगळा. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या भागात गेले ती तिथलीच झाले.

हल्लीच्या बहुतेक धनुष्यांना चाकं आणि तारा असतात, नेम धरायला काच असते. आमची गिऱ्हाइकं तसली नाहीत. त्यांना जुन्या पद्धतीचं लाकडी धनुष्य लागतं, पिसांचे बाण लागतात. अशा धनुष्याला मध्ये मूठ असते आणि तिला वरून-खालून दोन लवचिक पट्ट्या स्क्रूने बसतात. धनुष्याचा सगळा जोर त्या पट्ट्यांत. ओढताना हाताला किती वजन लागतं ते खालच्या पट्टीवर आतल्या बाजूला पाउंडात लिहिलेलं असतं. या देशात शिकारीला बंदी आहे. म्हणून ही माणसं वर्षभर वाळवंटात रबरी हरणांवर बाण मारतात आणि वर्षातून एकदा आफ्रिकेला नाहीतर हंगेरीला जाऊन खरी शिकार करतात.

धनुष्य सगळ्यांना दिसतं, भिंतीवर छान दिसतं. बाणाकडे कुणी बघत नाही. पण बाण सुटतो तेव्हा तो सरळ जात नाही. दोरीचा धक्का बसला की मासोळीसारखा वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. म्हणून त्याचा ताठपणा धनुष्याच्या जोराला जुळावा लागतो. जोरदार धनुष्याला ताठ काडी, हलक्याला मऊ काडी. हलक्या धनुष्यावर ताठ बाण लावला तर तो वाकतच नाही आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. मग माणूस किती का नेमबाज असेना. शेपटाला तीन पिसं लागतात आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखांची हवीत. डाव्या पंखाच्या पिसाचा बाक वेगळा, उजव्याचा वेगळा. मिसळली तर बाण हवेत भांबावतो.

या पिसांवरून एक गिऱ्हाईक आठवतं. बहिरी ससाणा पाळणारा एक अरब आपल्या लाडक्या पक्ष्याची गळलेली पिसं टिश्यूच्या डब्यात घालून घेऊन आला. याच पिसांचे बाण हवेत म्हणाला. मी पिसं लावून बघितली, दोन्ही पंखांची मिसळलेली होती आणि बाणांना पुरतील एवढी नव्हती. मी इक्बालभाईंच्या कानात सांगितलं, त्यांनी त्याला अरबीत सांगितलं. मला वाटलं, तो भडकेल. तो म्हणाला, ठीक, पुढच्या वर्षी पुन्हा गळतील. आणि पुढच्या वर्षी तो खरंच आला, दोन डबे घेऊन. एकावर डावा पंख, एकावर उजवा, असं लिहून. एवढं समजून घेणारं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

आणखी एक गोऱ्या मिस यायच्या, शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेल्या. दर हिवाळ्यात यायच्या आणि हसत सांगायच्या, यंदा आणखी हलकं कर, मी आणखी म्हातारी झाले. इक्बालभाई हलक्या पट्ट्या बसवायचे, मी मऊ बाण करायची. जाताना त्या जुन्या पट्ट्या दुकानात ठेवून जायच्या, कुणा शाळकरी मुलीला द्या म्हणून.

पण मला लिहायचं आहे ते बू हमदविषयी.

बू हमद म्हणजे हमदचा बाप. इथे थोर माणसाला नावाने हाक मारत नाहीत, थोरल्या मुलाच्या नावाने मारतात. त्याच रीतीने ते मला उम्म सलमा म्हणायचे, सलमाची आई. दुकानात बाकी सगळ्यांची मी खाला, म्हणजे मावशी. ते आमच्या दुकानाचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. हिंदी साफ बोलायचे. तरुणपणी वडिलांच्या गलबतावर मुंबईला फेऱ्या मारलेल्या, तिथे शिकलेली हिंदी. मी रत्नागिरीची म्हटल्यावर म्हणाले होते, तुझ्या गावाचे दिवे मी समुद्रातून पाहिले असतील.

शिकारीचे त्यांचे नियम कडक होते. बाण सोडताना अल्लाहचं नाव घ्यायचं. पात्याची धार आत गेली पाहिजे आणि जनावर तिथल्या तिथे पडलं पाहिजे. जखमी होऊन झुडपात पळालं आणि तिकडे कुठे तडफडून मेलं, तर त्याचा जाब आपल्याला द्यायचा आहे, असं म्हणायचे. त्यामुळे खात्री नसली की बाणच सोडायचे नाहीत. कितीदा तरी आफ्रिकेहून तसेच परत आले. मग दुकानात येऊन बाण माझ्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, बघ, तुझी मेहनत वाचवली. शिकार मिळालीच तर मांस तिथल्या मजुरांना आणि जवळच्या मशिदीत वाटून टाकायचे. एकदा कुणीतरी विचारलं, रबरी हरणावर मारताना नाव का घेत नाही? तर म्हणाले, रबराला कशाला देवाचं नाव, रबर आधीच हलाल आहे.

मग त्यांचा उजवा खांदा गेला. हळूहळू गेला. एका हिवाळ्यात दोरी गालापर्यंत येईना, पुढच्या हिवाळ्यात हनुवटीपर्यंतही येईना. त्यांचं धनुष्य पन्नास पाउंडांचं. डॉक्टरांनी सांगितलं, सोडा किंवा अगदी हलकं घ्या. ते म्हणाले, हलकं बायका-पोरांनी मारावं. मिसविषयी त्यांना ठाऊक नव्हतं, असतं तरी हेच म्हणाले असते.

त्यापुढच्या उन्हाळ्यात त्यांचा ड्रायव्हर धनुष्य गाडीच्या डिकीत विसरला. जुलैत इथे बंद गाडीत अंडं शिजतं. पट्ट्यांचे थर गोंदाने चिकटवलेले असतात, ते सुटले. मूठ वाचली, पट्ट्या गेल्या. हमदने नव्या मागवल्या. त्याच बनवणाऱ्याच्या, त्याच लाकडाच्या. आल्या तेव्हा इक्बालभाईंनी त्या जुन्या मुठीला बसवल्या आणि मागच्या गल्लीत गवताच्या गठ्ठ्यावर बू हमदचे जुने बाण मारून बघितले. मी दारात उभी होते. सगळे बाण डावीकडे जाऊन एकाजवळ एक बसले.

मी म्हटलं, "इक्बालभाई, या पट्ट्या पन्नासच्या नाहीत."

त्यांनी आधी दार लावलं. मग सांगितलं. पट्ट्या अडतीसच्या होत्या. हमदने मूळचा आकडा घासून काढून त्या जागी पन्नास छापून आणला होता. हमद वाईट मुलगा नाही. बँकेत मोठ्या जागेवर आहे, तरी शुक्रवारी बापाला घेऊन वाळवंटात जायचं कधी चुकवत नाही. त्याला वाटलं, बाबांना एकदा पुन्हा पूर्ण ओढता आलं तर ते बरे होतील. डॉक्टरचे व्यायाम चालूच होते, त्याचा गुण आला म्हणून सांगता येईल. फक्त बाण डावीकडे गेले असते तर त्यांना तेव्हाच कळलं असतं. म्हणून नवे बाण हवे होते. मऊ काडीचे, पण रंगाने, रेघांनी, पिसांनी अगदी जुन्यांसारखे.

"सवाबाचं, पुण्याचं काम आहे, जैनबबाई," इक्बालभाई म्हणाले. "म्हाताऱ्याला दोन दिवस आनंद मिळेल. आपलं काय जातं?"

मलाही तेव्हा तसंच वाटलं. मी काड्या निवडल्या, चहाच्या पाण्यासारखा रंग दिला, शेपटाजवळ दोन हिरव्या आणि एक पांढरी रेघ काढली. बू हमदची ती खूण होती. प्रत्येकाच्या बाणावर त्याची खूण असावी लागते, जनावराच्या अंगात सापडलेला बाण आपलाच आहे हे कळायला. ते बाण मी मन लावून केले. इतके सारखे झाले होते की जुने आणि नवे शेजारी ठेवले तर इक्बालभाईंनाही हातात घेऊन वाकवून बघावं लागलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी बू हमद आणि हमद मलाही बरोबर घेऊन गेले, बाणांचं काही कमीजास्त करावं लागलं तर. धैदच्या पुढे त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं फार्म आहे. वाळूत इकडेतिकडे रबरी हरणं, रानडुकरं उभी केलेली. मी गाफच्या झाडाखाली सावलीत माझी पेटी घेऊन बसले. बाण वाळवंटात कसे उडतात हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. दुकानाच्या गल्लीत फक्त थाप ऐकू येते.

बू हमदनी पहिला बाण लावला आणि जरा वेळ तसेच थांबले. त्यांना वाटत असणार, खांदा आता कळ मारेल. मग ओढलं. दोरी ओठाच्या कोपऱ्याला लागली. हमद माझ्यासमोरच उभा होता, त्याने श्वास रोखलेला मला दिसला. बाण गेला आणि रबरी हरणाच्या बरगडीत बसला. बू हमदनी दुसरा लावला, तिसरा लावला. मग धनुष्य खाली केलं आणि उजवा हात खांद्यापासून गोल फिरवून बघितला, नवा सदरा घातल्यावर बाह्या बघतात तसा. मग हसले. ते हसणं बघून मला वाटलं, इक्बालभाई म्हणतात ते खरं आहे, हे सवाबाचंच काम आहे.

त्यानंतर ते दर शुक्रवारी जायला लागले. चालण्यात फरक पडला. दुकानात यायचे ते पायऱ्या दोन-दोन चढत. डॉक्टरला त्यांनी घड्याळ भेट दिलं, असं हमद सांगत होता, आणि डॉक्टरला कळेना कशाबद्दल.

मग एक दिवस येऊन म्हणाले, यंदा आफ्रिकेला जातो आहे. कुडूची शिकार करणार. कुडू म्हणजे पीळदार शिंगांचं मोठं हरीण, आपल्याकडच्या घोड्याएवढं उंच. खांदा चांगला होता तेव्हा त्यांनी कधी त्याच्यावर बाण सोडला नव्हता, आता सोडावासा वाटत होता. तिथल्या शिकारीच्या फार्मवाल्याने फोनवर विचारलं, धनुष्य कितीचं? ते म्हणाले, पन्नास. फार्मवाला म्हणाला, मग हरकत नाही.

हे सांगताना ते खूश होते. हमद त्यांच्या मागे उभा होता, त्याचा चेहरा उतरला.

अडतीस पाउंडांनी कुडू पडत नाही. बाण अर्धवट आत जातो, जनावर त्याला घेऊन पळतं. मेलं तर दोन दिवसांनी मरतं, नाहीतर कुजत जगतं. शिकारीचं काम करणाऱ्यांत हे सगळ्यांना ठाऊक असतं, बू हमदना सगळ्यात जास्त. त्यांचं चुकत काहीच नव्हतं. ते पट्टीवरच्या आकड्यावर चालले होते.

हमद नंतर एकटा आला आणि इक्बालभाईंशी बोलत बसला. मी मागे पिसं चिकटवत होते. मध्ये फक्त पडदा आहे, सगळं ऐकू येतं. इक्बालभाई म्हणत होते, हबीबी, आता सांगून टाक. हमद म्हणाला, आता कसं सांगू, आता ते पायऱ्या दोन-दोन चढतात. त्याने दुसरा मार्ग काढला होता. फार्मवर शिकाऱ्याबरोबर तिथला एक माणूस असतो, त्याच्याशी बोलणं झालं होतं. बाबा बाण सोडतील त्याच क्षणी तो मागून आवाज न करणाऱ्या बंदुकीने मारील. जनावर पडेल. बाबांना कळणार नाही. इक्बालभाई आधी नको म्हणाले, मग म्हणाले, बघ बाबा, तू मुलगा आहेस. इन्शाल्ला नीट होईल.

माझ्या हातातलं पीस वाकडं बसलं. ते मी काढलं, पुन्हा बसवलं, पुन्हा वाकडं. मला सारखं एकच दिसत होतं. दुसऱ्याच्या गोळीने पडलेलं जनावर. त्याच्याजवळ बू हमद गुडघे टेकून बसलेत, आपण नाव घेतलं, आपल्या बाणाने पडलं, असं समजून. आणि ते मांस ते स्वतःच्या हाताने मशिदीत वाटणार. त्यांनी जन्मभर सांभाळलं ते हेच होतं, आणि आम्ही त्यांच्या मागून ते काढून घेणार होतो. लहान खोट्याला आता मोठं खोटं लागत होतं, आणि लहान खोट्यात माझे बाण होते.

निघायच्या आधी ते बाणांना शिकारीची पाती बसवून घ्यायला आले. एकटेच आले, ड्रायव्हर बाहेर गाडीत. इक्बालभाई दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले होते. बू हमद स्टुलावर बसले आणि कुडूविषयी बोलत राहिले. संध्याकाळी पाण्यावर कसा येतो, कान कसे हलवतो. मी पाती बसवत होते. मला बोलायचं होतं. बाबा, एवढाच शब्द जमला. ते म्हणाले, बोल. मला पुढे जमेना.

आमच्या दुकानात छताच्या हुकाला धनुष्याचा जोर मोजायचा काटा टांगलेला असतो. मी उठले, त्यांच्या मांडीवरचं धनुष्य उचललं, दोरी काट्याच्या खालच्या हुकात अडकवली आणि मूठ धरून खाली ओढली. त्यांचा हात जिथपर्यंत ओढतो तिथपर्यंत. काटा अडतीसवर थांबला. मी तशीच धरून उभी राहिले.

त्यांनी वर बघितलं.

"काँटा ख़राब है?"

"नहीं, बाबा."

ते उठले. भिंतीवरचं दुसरं धनुष्य काढलं, त्याच्यावरचा आकडा वाचला, काट्याला लावून स्वतः ओढलं. तोच आकडा आला. ते धनुष्य जागेवर ठेवून त्यांनी माझ्या टेबलावरचा एक बाण उचलला आणि दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवला. मग म्हणाले, हे बाण सरळ गेले. पन्नासचे असते तर डावीकडे गेले असते.

"जी."

"तो तुझे मालूम था."

मी मान हलवली. हमदचं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही घेतलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, तिथे जनावर कसं पडणार होतं? मग मी बंदुकीचं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी परक्या पुरुषाशी इतकं सलग कधी बोलले नव्हते. सांगून झाल्यावर ते पुन्हा स्टुलावर बसले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरला.

"मेरा कंधा ठीक हो गया था, उम्म सलमा," ते म्हणाले. "अभी, इस दरवाज़े से अंदर आया तब तक ठीक था."

मग त्यांनी धनुष्य गुडघ्यावर घेऊन दोरी उतरवली, गुंडाळली. स्क्रू काढून पट्ट्या टेबलावर ठेवल्या. जुनी मूठ तेवढी बरोबर घेतली आणि गेले. पायऱ्या एकेक करून उतरले.

इक्बालभाई परत आले तेव्हा पट्ट्या बघून त्यांना सांगावं लागलं नाही. ते ओरडले नाहीत. त्यांना ओरडता येत नाही. म्हणाले, मला आधी सांगायचंस, मी काहीतरी केलं असतं, व्हिसाचं नाहीतर विमानाचं काही कारण काढलं असतं. म्हणजे तिसरं खोटं. पण तसं केलं असतं तर ते आजही शुक्रवारी वाळवंटात गेले असते, हेही मला कळतं.

हमद आला तो बऱ्याच दिवसांनी. मी पडद्यामागे जाणार होते, पण त्याने हाक मारली. तोही चिडला नाही. त्यापेक्षा चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "खाला, ही टॉक्स टू मी अबाउट एव्हरीथिंग. गाड़ी, क्रिकेट, बच्चों का स्कूल. सिर्फ़ वो एक बात नहीं करते." आफ्रिकेचं रद्द केलं होतं. मित्र शुक्रवारी बोलवायला येतात तेव्हा ते म्हणतात, खांदा दुखतो. आणि खरंच दुखतो. आता चहाचा पेला उचलतानाही दुखतो. डॉक्टर म्हणतो, खांद्यात नवीन काही नाही. जाताना हमदने मला विचारलं, "आपको क्या लगता है, अच्छा हुआ?"

काटा लावला त्याचं मला वाईट वाटत नाही. ते हरीण कुठेतरी आपल्या पायांनी पाण्यावर येत असेल, आणि बू हमदच्या हातून चुकीचं मांस वाटलं गेलं नाही. पण त्याआधीचा एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गाडीत पट्ट्या उकलल्या तो दिवस. तेव्हा इक्बालभाई, हमद आणि नंतर मी, आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला खरं सोसणार नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही. अडतीस पाउंडांत काही कमी नाही. जड बाण, दुधारी पातं, जवळून मारायचं, जनावर लहान निवडायचं. त्याने शिकार होते आणि नीट होते. मिस त्याहून हलक्यावर येऊन पोचल्या होत्या आणि गाणी म्हणत घरी जायच्या. बू हमद चिडले असते. बायका-पोरांचं म्हणाले असते, चार-सहा शुक्रवार घरी बसले असते. मग वाळवंटाची ओढ त्यांना घेऊन आली असती. त्यांचा खरा अडतीसचा हात त्यांचा स्वतःचाच राहिला असता. आम्ही त्यांना पन्नासचा हात उसना दिला आणि मग तो परत घेतला. त्यात त्यांचा अडतीसचाही गेला.

हमदला शेवटी हे पटलं असावं. त्याने एकदा येऊन सांगितलं, त्याच पट्ट्यांना जुळतील असे जड बाण करून ठेवा, पट्टीवर खरा आकडा लिहा, मी बाबांना घेऊन येईन. मी आनंदाने केले. आकडा इक्बालभाईंनी स्वतः घासून काढला आणि अडतीस लिहिलं. बाणांना मी पिसं उंच लावली, जड बाणाला तशी लागतात. खूण तीच घातली. हमद न्यायला आला नाही. मग कळलं, बू हमदनी नको म्हटलं. परत विचारू नकोस म्हटलं.

ते बाण माझ्या टेबलाच्या मागे नळकांड्यात उभे आहेत. इथल्या दमट हवेत पिसं चेपतात, म्हणून मी ते अधूनमधून बाहेर काढते आणि चहाच्या किटलीच्या वाफेवर धरते. वाफ लागली की पिसं पुन्हा ताठ उभी राहतात. बू हमदचे हात लांब आहेत, त्यामुळे बाणही लांब आहेत. इक्बालभाई म्हणतात, चांगला माल पडून आहे, कापून आखूड केले तर कुणालाही बसतील. खरं आहे. लांब बाण आखूड करता येतो. आखूड केलेला पुन्हा लांब होत नाही.

परवा एक फिलिपिनो मुलगा आला होता. धनुष्य अडतीसचंच, हात आखूड, बाण तातडीने हवे होते. इक्बालभाईंनी पडद्याआडून विचारलं, जैनबबाई, ते नळकांड्यातले कापून देतेस का?

मी म्हटलं, त्यांचा गोंद अजून वाळला नाही.

गोंद किती वेळात वाळतो हे इक्बालभाईंना माझ्याहून चांगलं माहीत आहे. मग बाहेर जाऊन त्या मुलाला म्हणाले, आठ दिवसांनी ये, नवे करून ठेवतो.